मैदानाचं भाडं

ऑगस्ट २०१८ मध्ये लेखापरीक्षणाचा आक्षेप आमच्या टेबलावर आला. भाषा ठरलेली: मैदाने, बॅडमिंटन हॉल व जलतरण तलाव यांचे भाडेदर सन २००९ पासून सुधारित न केल्याने महानगरपालिकेच्या उत्पन्नाचे नुकसान झाले आहे, खुलासा करावा. आमची महापालिका 'ड' वर्गातली. क्रीडा विभागात एक क्रीडा अधिकारी, दोन लिपिक, एक शिपाई. त्यातली वरिष्ठ लिपिक मी. उपायुक्त साहेबांनी आक्षेपाच्या कडेला शेरा मारला, 'दरवाढीचा प्रस्ताव १५ दिवसांत सादर करावा', आणि फाईल माझ्याकडे आली.

पंधरा दिवस लागलेच नाहीत. २००९ चे दर घेतले, दर वर्षाला दहा टक्के वाढ धरली, नऊ वर्षांचा हिशेब केला. दोन पूर्णांक छत्तीस पट येत होते. मैदानावर रोज दोन तास सरावाचा महिन्याचा दर ५०० रुपये होता, तो ११७९ झाला. पूर्णांकात १२००. असंच सगळ्या बाबींचं. तक्ता टाईप करून दुपारच्या चहाआधी साहेबांपुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि एकच विचारलं, "मॅडम, हे बाराशे भरणार कोण, त्यांची यादी जोडा."

यादी माझ्याकडे नव्हती. ती मैदानावरच्या नोंदवहीत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले. वीस वर्षं नोकरी झाली होती, रोज येता-जाता बसमधून ते मैदान दिसायचं, पण फाटकातून आत मी तेव्हा पहिल्यांदाच गेले. मी कधी कुठला खेळ खेळलेले नाही.

रखवालदार मामांनी वही काढून दिली. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेली. रकाने नीट आखलेले: तारीख, संस्थेचं नाव, प्रयोजन, वेळ, पावती क्रमांक, रक्कम, सही. वर्षभराच्या नोंदी चाळल्या. एक क्रिकेट अकादमी, एक खो-खो मंडळ, दोन कबड्डी संघ, शनिवार-रविवारच्या टेनिस बॉल स्पर्धा, आणि मध्येच 'स्वागत समारंभ', 'प्रदर्शन', 'सभा'. मी नावं उतरवून घेत होते, तेवढ्यात मामा म्हणाले, "मॅडम, ह्या वहीवर जाऊ नका. मैदान वापरणारी निम्मी माणसं ह्यात सापडायची नाहीत. पहाटं पाचला येऊन बघा."

गेले. अंधार होता. ट्रॅक म्हणजे पायवाटच, पावसाने धुपलेली. तिच्यावर चाळीसेक मुलं-मुली पळत होती. पोलीस भरतीची तयारी. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय गोळाफेक. आजूबाजूच्या खेड्यांतून येऊन शहरात खोली करून राहिलेली ही पोरं. त्यांची संस्था नाही, लेटरहेड नाही, अध्यक्ष-सचिव नाहीत, त्यामुळे अर्ज करणार कोण आणि पावती फाडणार कोणाच्या नावाने? एका मुलीच्या हातात मोबाईल होता, स्टॉपवॉच लावून ती बाकीच्यांच्या वेळा पुकारत होती. मी ऑफिसची आहे हे कळल्यावर ती जरा बिचकली आणि पहिलं वाक्य बोलली, "मॅडम, आम्ही कुणाला त्रास देत नाही."

मला ते वाक्य फार लागलं. ज्या मैदानावर तिचा हक्क आहे, तिथे ती परवानगीशिवाय घुसल्यासारखी उभी होती, आणि माझ्या तक्त्यात तिचं नावही नव्हतं.

त्या दिवसापासून मी तीन आठवडे डोकी मोजली. कोऱ्या कागदावर पहाटे पाच ते रात्री दहा असे तासाचे रकाने आखले. सकाळचे मी भरायची, दुपार-संध्याकाळचे मामा. किती माणसं, बायका किती, मुलं किती, काय करतायत. चालणारे ज्येष्ठ, योगासनांचा गट, भरतीवाले, शाळा सुटल्यावर नुसती हुंदडणारी पोरं. नोंदवहीत नाव असलेल्यांची संख्या कुठल्याही दिवशी मैदानावरच्या एकूण माणसांच्या निम्म्यावर गेली नाही. मामांचा अंदाज बरोबर होता.

आता मीटरची गोष्ट सांगते, कारण सगळ्या प्रक्रियेत मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवलं असेल तर त्या मीटरने.

रात्रीच्या दिव्यांचा जुना दर तासाला १५० रुपये होता. लेखा विभागाचं म्हणणं, खर्च तासाला साडेपाचशेच्या आसपास येतो, मग दीडशे घेऊन कसं चालेल? त्यांचा हिशेब सरळ होता. महिन्याचं वीजबिल ६० हजारांच्या घरात, नोंदवहीतले दिव्यांचे तास ११०. भागाकार केला की झालं. मलाही तो पटला होता. पण मैदानावर चार खांब, एका खांबावर सहा दिवे, एकेक चारशे वॅटचा. चोवीस दिवे म्हणजे ९.६ किलोवॅट. एका तासाला दहा-साडेदहा युनिट. दहा युनिटचे साडेपाचशे रुपये कसे होतील?

एका संध्याकाळी मी आणि विद्युत विभागाचे वायरमन मीटरच्या पेटीसमोर उभे राहिलो. सात वाजता दिवे लागले तेव्हाचं रीडिंग लिहिलं, आठचं लिहिलं. फरक सतरा युनिटांचा. मग वायरमनदादांनी काही क्षण मैदानाचे सगळे दिवे बंद केले. पोरं ओरडली. मी टॉर्च मीटरवर धरला होता. मीटर चालूच होतं.

"हा कुणाचा लोड?" दादांनी केबल धरून शोध घेतला. मैदानाच्या भिंतीपलीकडे बाग आहे, तिथला पंप याच मीटरवर. बागेच्या कोपऱ्यात टँकर भरायचा पॉइंट आहे, त्याची मोटरही याच मीटरवर, आणि ती दिवसभर चालते. केव्हातरी सोय म्हणून कुणीतरी जोडलेलं, मग तेच कायम राहिलं. दुसऱ्या दिवशी पंप आणि मोटर बंद ठेवून पुन्हा तासभराचं रीडिंग घेतलं. दहा युनिट. बिलातल्या दराने सव्वाशे रुपयांच्या आत. म्हणजे जुना दीडशेचा दर दिव्यांचा पूर्ण खर्च भरून काढतच होता, आणि आम्ही टँकरच्या पाण्याची वीज कबड्डीच्या पोरांकडून वसूल करायला निघालो होतो. वायरमनदादांनी दोन्ही रीडिंगवर सही केली. तो कागद मी फाईलला परिशिष्ट म्हणून लावला. लेखा विभागाने त्यावर नंतर एक शब्दही काढला नाही. उलट तिथल्या एका सहकाऱ्याने बागेसाठी वेगळं मीटर घ्यायची टिपणी स्वतःहून तयार केली.

यानंतर आम्ही संस्थांना बोलावलं. तसा नियम नव्हता. कर वाढवायचा तर कायद्यात तारीखवार सगळं बांधलेलं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९९ प्रमाणे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत महासभेने ठरवायचे असतात. भाडं म्हणजे कर नव्हे, त्यामुळे हरकती-सूचना मागवल्याच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही. पण विधी अधिकाऱ्यांनी सांगितलं, बोलवा. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचं १९५४ चं शिरूर मठाचं प्रकरण समजावून दिलं (हे शिरूर पुण्याजवळचं नव्हे, उडुपीचा मठ). कर आणि शुल्क यांतला फरक तिथे मांडलेला आहे: शुल्काच्या बदल्यात देणाऱ्याला काही सेवा मिळत असली पाहिजे. "आपण भाडं म्हणू, पण लोक विचारणार हेच, की आम्हाला मिळतं काय? तेव्हा आधी त्यांचं ऐका," असं त्यांचं म्हणणं.

बैठक नोव्हेंबरमध्ये झाली. बॅडमिंटनचा सकाळचा गट आला होता, व्यापारी आणि डॉक्टर मंडळी. त्यांनी सरळ सांगितलं, दर दुप्पट करा, पण फ्लोअरिंग करा, फळ्या उचकटल्यात. क्रिकेट अकादमीचे चालक आले. आणि खो-खोचे सर आले, सायकलवरून, शाळेतून निवृत्त झालेले.

अकादमी महिन्याला ५०० रुपये भरत होती आणि खो-खो मंडळही ५००. अकादमीत साठ मुलं, प्रत्येकाची फी महिना दीड हजार. म्हणजे महिन्याची जमा नव्वद हजार. खो-खोला बत्तीस मुली, बहुतेक पालिकेच्या शाळांतल्या. सर महिन्याला वीस-वीस रुपये जमवायचे, दहा-अकरा जणींचे यायचे नाहीत, ते स्वतः घालायचे. माझ्या पहिल्या तक्त्यात दोघांना सारखेच १२०० पडणार होते. दहा टक्क्यांची चक्रवाढ सगळ्यांना सारखी लावली की निःपक्षपातीपणा झाला, असं मी ऑगस्टमध्ये खरोखर मानत होते.

अकादमीच्या चालकांचीही बाजू मी लिहून घेतली. खेळपट्टी तेच राखतात, रोलर त्यांचा, जाळ्या त्यांच्या, पाणी मारणारा माणूस त्यांचा. ते नसते तर मैदानाचा तो भाग कधीच उकरला गेला असता, आणि ते खरं आहे. त्यांचा आक्षेप दराला नव्हता, ठोक आकड्याला होता: परीक्षांच्या महिन्यांत मुलं निम्मी होतात, तेव्हा काय करायचं? त्यातूनच प्रति मूल दराची कल्पना निघाली. जितकी मुलं तितकं भाडं, आणि खेळपट्टीच्या देखभालीची वजावट.

सरांना विचारलं, तुम्हाला किती परवडेल? ते आकडा बोललेच नाहीत. म्हणाले, "बाई, पैशाचं होईल काहीतरी. तुम्ही मांडववाल्यांचं बघा." मग त्यांनी मला मैदानाच्या पूर्वेच्या कडेला नेलं. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, दोन खांब, बाकी काही लागत नाही. पण जमीन सपाट लागते. तिथे स्वागत समारंभाच्या मांडवाच्या बल्ल्यांचे खड्डे होते. मी मोजले: खो-खोच्या आखणीच्या आत चौदा. काही मातीने वरवर बुजवलेले, पाय पडला की आत जाणारे. मागच्याच हिवाळ्यात एका मुलीचा घोटा तिथे मुरगळला आणि तिची जिल्हा निवड हुकली. समारंभाची अनामत रक्कम २००० रुपये होती आणि नोंदवहीप्रमाणे ती दर वेळी पूर्ण परत गेलेली होती. खड्डे बघायला कुणी येतच नव्हतं.

प्रस्तावाचा दुसरा मसुदा लिहायला मला महिना लागला. दुसऱ्या महापालिकांची दरपत्रकं मागवली, ती आलीही, पण एकीचं सत्र चार तासांचं, दुसरीचं दिवसाचं, तिसरीचं चौरस मीटरवर. तुलना करायला ती फारशी कामाची नव्हती. क्रीडेतर वापरासाठी मात्र मुंबईच्या शिवाजी पार्कचं उदाहरण टिपणीत घातलं. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने तो परिसर शांतता क्षेत्र ठरवला आणि तिथे खेळाशिवायच्या कार्यक्रमांना मोजकेच दिवस राहिले. नुसता दर चढवला तर श्रीमंत समारंभ येतच राहतात. दिवसांवर मर्यादा हवी, हे त्यावरून सांगता आलं.

मसुद्यात असं होतं. चालणं, पळणं, मुलांचं मोकळं खेळणं आणि भरतीची तयारी यांना पहाटे पाच ते आठ मैदान पूर्ण खुलं, त्या वेळेत कुणालाही आरक्षण नाही. फी न घेता शिकवणाऱ्या मंडळांना महिना २०० रुपये. फी घेणाऱ्या अकादमीला प्रति मूल ७५, आणि दर दहा मुलांमागे पालिका शाळेतलं एक मूल विनामूल्य. दिव्यांचा दर १५० च ठेवला. क्रीडेतर वापर वर्षात जास्तीत जास्त वीस दिवस, भाडं जुन्याच्या चौपट, अनामत २५ हजार, आणि आमच्या कनिष्ठ अभियंत्याने पाहणी करून दर खड्ड्यामागे ५०० रुपये कापायचे.

बॅडमिंटन हॉलचं फारसं अवघड नव्हतं. सकाळी चारही कोर्टांना रांग, दुपारी अकरा ते चार कुलूप. सकाळचा दर दुप्पट, दुपारचा निम्मा. तलावाचं वेगळं. २५ मीटर लांब, साडेबारा रुंद, सरासरी दीड मीटर खोल धरला तरी साडेचार लाख लिटरच्या वर पाणी. ते गाळायचं, क्लोरीन मारायचं, जीवरक्षक ठेवायचे. हा खर्च तिकिटातून निघणार नाही, हे मी टिपणीत स्पष्ट लिहिलं. एका अधिकाऱ्यांनी विचारलं, मग तूट का सोसायची, पोहण्याचे तलाव तर कायद्याने कलम ६६ खाली, म्हणजे ऐच्छिक कर्तव्यात येतात. मी उत्तर लिहिलं की ऐच्छिक म्हणजे करायचं की नाही ते आपण ठरवायचं, आणि तलाव बांधला त्या दिवशी आपण ते ठरवलेलं आहे. ते वाक्य फाईलवर तसंच आहे.

स्थायी समितीत विषय दोनदा तहकूब झाला. तिसऱ्यांदा मंजूर झाला तेव्हा ७५ चे ५० झाले होते. मला वाईट वाटलं, पण खूप नाही. साठ मुलांचे ३००० तरी येणार होते, पाचशेच्या ठिकाणी.

महासभा फेब्रुवारीत होती. आधीच्याच महिन्यात पुण्यात बालेवाडीला खेलो इंडियाच्या स्पर्धा झाल्या होत्या, महाराष्ट्र पदकतालिकेत पहिला आला होता, त्यामुळे सभागृहात खेळाबद्दल सगळेच भरभरून बोलले. वीस दिवसांच्या मर्यादेवर मात्र वातावरण तापलं. मंगल कार्यालय परवडत नाही त्यांनी लग्नं कुठे करायची, असं एका सदस्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. त्यांना मी चिठ्ठी पाठवून नोंदवहीतले आकडे दिले: मैदानावर झालेल्या समारंभांपैकी पालिकेच्या वस्त्यांमधली लग्नं अगदी थोडी होती, बाकी मोठे स्वागत समारंभ आणि प्रदर्शनं. त्यांनीच मग उपसूचना मांडली की वीस दिवसांपैकी आठ दिवस वस्त्यांमधल्या लग्नांना जुन्याच दराने राखून ठेवावेत. मला ती माझ्या मसुद्यापेक्षा चांगली वाटली. उपसूचनेसह विषय मंजूर झाला. १ एप्रिल २०१९ पासून नवे दर.

१० मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. आमचा ठराव त्याआधीचा, त्यामुळे अंमलबजावणीला अडचण नव्हती. एप्रिल सुरू झाला. अकादमीने मुलांची यादी देऊन पैसे भरले. दुपारी बॅडमिंटनची दोन कोर्टं भरायला लागली, त्यात कॉलेजच्या मुली आणि जवळच्या सोसायटीतल्या बायका. मी खुश होते.

महिनाअखेरीला वही बघितली तर खो-खो मंडळाची नोंदच नव्हती. मामांना फोन केला. "सर येत न्हाईत आता. पोरी शाळेच्या पटांगणात खेळतात, फरशीवर."

सर कार्यालयात येऊन गेले होते, मी रजेवर असताना. २०० रुपयांच्या सवलतीसाठी अर्जासोबत धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणी प्रमाणपत्र जोडायचं होतं. मंडळ तीस वर्षांचं, पण नोंदणी कधी केलेलीच नव्हती. प्रमाणपत्र नाही म्हणून ते सवलतीच्या गटात बसले नाहीत, आणि खिडकीवरच्या माणसाने त्यांना नियमाप्रमाणे अकादमीचा दर सांगितला. बत्तीस मुलींचे प्रति मूल ५०, म्हणजे १६००. मी पहिल्यांदा ठरवलेल्या बाराशेपेक्षाही जास्त.

ती अट मी घातली होती. कुणी सुचवलेली नव्हती. खोट्या संस्था सवलत लाटतील म्हणून मसुद्याच्या शेवटच्या दिवशी, रात्री, मीच एक ओळ वाढवली होती. पहाटेच्या पोरांना लेटरहेड नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरीही ही ओळ लिहिताना मला ते आठवलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी लगेच दुरुस्तीची टिपणी ठेवली: नोंदणी प्रमाणपत्राऐवजी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र पुरेसं धरावं. साहेबांना पटलं, पण सवलतीची अट बदलणं म्हणजे धोरणात्मक निर्णय, आचारसंहितेत करता येणार नाही, असा अभिप्राय आला. मे अखेरपर्यंत थांबलो. मग जूनच्या महासभेत विषयपत्रिकेवर यायचं राहिलं. जुलैची सभा तहकूब झाली. ऑगस्टमध्ये मंजूर झालं आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शुद्धिपत्रक निघालं. पाच महिने. मधल्या काळात सातवी-आठवीच्या चार-पाच मुलींनी खेळणं सोडलं, असं मला नंतर कळलं. त्या परत आल्या नाहीत.

शुद्धिपत्रकाची प्रत मी टपालात टाकली नाही. सरांना निरोप पाठवला आणि ऑफिस सुटल्यावर मैदानावर घेऊन गेले. पावसाने चार दिवस उघडीप दिली होती. पूर्वेच्या कडेचं गवत खरवडलेलं होतं, खांब पुरलेले होते, आणि सर वाकून फक्की मारत होते. मी कागद पुढे केला. त्यांनी चुन्याचे हात धोतराला पुसले, दोन्ही पानं वाचली, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. दोनशे रुपये त्यांनी आधीच मोजून आणले होते. मी म्हटलं ते उद्या खिडकीवर भरा, पावती घ्या.

"बरं," ते म्हणाले. "बाई, तेवढं दोरीचं टोक धरता का? वाऱ्याने रेघ हलतेय."

मी पर्स मामांकडे दिली आणि सोळा मीटरवर जाऊन टोक धरून उभी राहिले.